परवान्याच्या बंदुकीला सायलेन्सर

शांतता ही सुसंस्कृत माणसाची पहिली गरज आहे. म्हणून रानडुकरं हाकलायच्या माझ्या बंदुकीला सायलेन्सर बसवायला मी आर्णीच्या एका दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. बार काढला की माझा उजवा कान दिवसभर वाजायचा. चाचांना हे ओरडूनच सांगावं लागलं. तान्ह्याचं अंग पुसावं तसं ते नळी पुसत होते.

“कायद्यात नाही बसत, भाऊ. अन् आवाजच नाही झाला तं डुकरं पळतीन काहून? तुमचा चष्मा पाहून नेमाचा भरवसा नाही वाटत.”

त्या वर्षी कापसाला कुणी विचारत नव्हतं. चाचांनी फाटक्या गादीतून थोडा ओढला, दोन बोळे वळून माझ्या हातावर ठेवले.

“मी तीस वर्स उघड्या कानानं बार काढले. म्हनून तुम्हाले वरडा लागते.”

त्या हंगामात एकाही डुकराला छर्रा लागला नाही. उजव्या कानानं मला अजून ऐकू येतं.