विमान उसात पडले, त्यानंतर

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरली. “कॉम्प्रेशन फ्रॅक्चर आहे,” ते म्हणाले, “पाठीचा मणका दबलाय. पाय चालतील की नाही, आज सांगता येणार नाही.”

महाराजांच्या राज्यात तेव्हा विमानाचे नवल ताजे होते. मी कोल्हापूरबाहेरच्या माळावर उडायला शिकत होतो. त्या दिवशी एकटाच होतो. उतरण्यासाठी वळताना वेग फार कमी झाला आणि पंखांचा हवेवरचा आधार सुटला. याला स्टॉल म्हणतात. मग एक पंख कलला आणि विमान गरगरत खाली निघाले, तो स्पिन. उंची असती, तर नाक खाली करून सावरता आले असते. खाली उभा ऊस होता, म्हणून जीव वाचला.

हनुवटीपासून कमरेपर्यंत प्लास्टर जॅकेट घातले. मान वळेना. वॉर्डात मला फक्त छताच्या तुळया दिसत. बरोबर शिकणारे मित्र एकदा आले, पुन्हा फिरकले नाहीत. माझ्याकडे पाहून त्यांना भीती वाटत असावी.

बाबा शाळामास्तर. शाळा सुटली की रोज येत, पण खाटेच्या पायथ्याशीच उभे राहत. त्यांचे खाकरणे ऐकू येई, चेहरा दिसत नसे. बोलणे जवळजवळ नाहीच. थोड्या वेळाने चपलांचा आवाज दूर जाई. वाटे, मी उडायला गेलो याचा राग त्यांनी धरलाय. विचारायचे धाडस होत नव्हते.

शेजारच्या खाटेवर कुरुंदवाडचे दस्तगीरचाचा होते, खोगिरे शिवणारे, हात मोडलेले. एके दिवशी ते बाबांवर ओरडलेच, “मास्तर, हिकडं उशाशी या की! पोराला तुमचं त्वांडच दिसत न्हाय!”

बाबा आले, माझ्यावर वाकले. किती वाळले होते! म्हणाले, “मी तुझ्या पायाच्या बोटांकडं बघत असतो रे. हलतात का ते.”

मला रडू आले. प्लास्टरमध्ये नीट रडताही येत नाही.

पुढे बरेच दिवस काहीच घडले नाही. मग एका दुपारी पायथ्याकडून बाबांची हाक आली, “हललं! अंगठा हलला!” मला काहीच जाणवले नव्हते. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून पाहिली आणि ते हसले.

आज काठी घेऊन चालतो. विमान सुटले ते सुटलेच. तुमच्यावर अशी वेळ आली, तर गप्प उभ्या असलेल्या माणसाला विचारा, तो काय बघतोय. मी फार उशिरा विचारले असते, चाचांनी वाचवले.