बाचं लेणं

आमच्या घरानं दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव गेले आणि बाचे हात रिकामे झाले. पुढे गावातल्या लोकांबरोबर ट्रकमध्ये बसून तो अजिंठ्याला जाऊन आला. तेव्हापासून त्याला आमच्या मुलखातलं प्रत्येक भोक लेणं वाटायला लागलं.

आसेगावच्या अलीकडे, आमच्या शेतामागे एक टेकडी होती आणि तिच्या पोटात एक अरुंद बीळ. "आपल्या भिक्कूंचं लेनं हाय," असं बा छाती ठोकून सांगे.

"सायाळीचं बीळ हाय ते," माय म्हणे. "तोंडाशी काटे पडले रायते, दिसत नाई काय तुमाले?"

"पानी आन," असं म्हणून बा विषय मिटवायचा. मायही पाणी आणून द्यायची, पण तांब्या जरा आपटून.

एकदा बानं स्वतः आत शिरून पाहिलं. तो पोटापाशी अडकला आणि लोकांनी पाय धरून त्याला बाहेर ओढला. नंतर कित्येक वर्षं गाव त्याला "लेण्यातून कवा आले?" असं विचारत होतं. तो हसण्यावारी न्यायचा. पण पूर्वजांचं म्हणून दाखवायला आमच्याकडे गावाच्या कडेची जागा तेवढी होती. बाला टेकडीवरची एक जागा हवी होती, आणि ती किती हवी होती हे मला कळायचं.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, त्या सत्तरच्या दशकातल्या एका वर्षी फाट्यावर एसटी बंद पडली आणि तिच्यातून एक गोरा उतरला. अंगात नुसती हाडं आणि पाठीवर स्वतःएवढं ओझं. अजिंठा-वेरूळ बघून तो नागपूरकडे निघाला होता. बा त्याला घरी घेऊन आला. त्याच्या देशात तो हौस म्हणून गुहांमधून रांगत हिंडतो, हे मी मोडक्या इंग्रजीतून काढून घेतलं आणि घरच्यांना सांगितलं.

"काहून?" माय म्हणाली. "घर नाई काय त्याले?"

बाचा चेहरा मात्र उजळला. एवढा बारीक माणूस चालून दारात आला होता, आणि तोही लेणी पाहिलेला.

सकाळी अर्धं गाव टेकडीवर जमलं. गोऱ्याच्या कमरेला विहिरीचा दोर बांधला. एक हिसका दिला की दोर सोडायचा, दोन दिले की ओढायचा, असं ठरलं. मी गावाला समजावलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ते हात जन्मभर पाणी शेंदलेले. दोर हलला की ओढायचा, एवढंच त्यांना ठाऊक. गोरा हातभर आत सरकला, दोर हलला आणि चौघांनी त्याला बादलीसारखा वर काढला. सदरा गळ्याशी गोळा झालेला. त्यानं सदरा खाली केला, मला पुन्हा नियम सांगितला, मी गावाला सांगितला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला तो आपल्या भाषेत काहीतरी बोलला. ते मला कळलं नाही, तेच बरं झालं. शेवटी त्यानं दोर सोडून फेकला आणि तो तसाच आत गेला.

बऱ्याच वेळानं तो मातीनं माखून बाहेर आला. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात सायाळीचे काटे.

"इचार, खांब हायेत काय?" बा पुढे सरसावला. "मूर्ती?"

खांब नव्हते, मूर्ती नव्हती, छिन्नीची खूणसुद्धा नव्हती. एक माणूस बसेल एवढी जागा होती, बस्स. मी होतं तसं सांगितलं आणि टेकडीवर हशा पिकला. "करा आता सायाळीले वंदना!" कुणीतरी ओरडलं. बासुद्धा हसला. त्याचं ते हसणं बघून मला रडू आलं.

मायचं डोकं फिरलं. इतकी वर्षं हीच थट्टा ती करत आली होती, पण ती तिच्या हक्काची होती. गावानं केलेली तिला खपेना. तिनं लुगडं खोचलं, गोऱ्याच्या हातातली बॅटरी घेतली. कुणी दोर पुढे केला.

"मी काय बादली हाय?" म्हणाली आणि आत गेली.

थोडा वेळ गेला. मग आणखी बराच गेला. आतून आवाज नाही. बा बिळाच्या तोंडाशी आडवा झाला. "अवं, काय करून राह्यली तू आतमंदी?" त्यानं डोकं आत घातलं. "मरू दे ते लेनं," बा ओरडला, "तू बाहीर ये!"

तेव्हा कुठे माय निवांत सरपटत बाहेर आली. अंबाड्यात दोन काटे अडकले होते. तिनं लुगडं झटकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लेनंच हाय."

"मूर्ती कुठी हाय मंग?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"मूर्ती नसंल. पन मी आत बसली, तं कोनी मले पानी मांगलं नाई, कोनी चुलीकडं धाडलं नाई. लग्न झाल्यापासून अशी बसली नोती मी. भिक्कू आनखी कायले बसत असतीन?"

मी ते गोऱ्याला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, पण मॅट्रिकचं इंग्रजी तिथे पुरलं नाही.

घरी आल्यावर बा ओट्यावर टेकला. सवयीनं त्यानं मायकडे बघून तोंड उघडलं आणि मिटलं. मग उठून आत गेला. बराच वेळ भांड्यांचा खडखडाट ऐकू आला. शेवटी दारातून डोकं काढून त्यानं मला हळूच विचारलं, "बाई, आपल्या घरी तांब्या कुठी रायते वं?"