पोटातलं दूध

गुंडू माझा शेजारी. मंगळवार पेठेत माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या भिंतीला लागून त्याचा गोठा. सकाळ-संध्याकाळ तो दोन म्हशी घेऊन समोरच्या तालमीपुढच्या कट्ट्यावर येतो, गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि फेसाळलेला पेला हातात देतो. बाहेरगावच्या पावण्यांना याचं भारी अप्रूप. फोटो काय काढतात, ओठावर पांढरी मिशी घेऊन हसतात काय. आम्हाला त्यात काही वाटत नाही. आम्ही सकाळी तोंड धुतो, कट्ट्यावर जाऊन पेला रिकामा करतो आणि घरी येऊन विचारतो, न्याहारीला काय आहे. दूध पोटात गेलं म्हणजे माणसानं काही खाल्लं, असं आमच्या पेठेत कुणी धरत नाही. दूध प्यालेला माणूस उपाशीच.

हा गुंडू एकेकाळी पेठेतला सगळ्यात बडबड्या माणूस होता. धार काढता काढता राजकारण, कुस्ती, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, सगळं सांगायचा. गिऱ्हाइकाला पेला लवकर द्यायचा नाही, कारण पेला दिला की तो माणूस निघून जायचा. गुंडूची बायको, म्हणजे आमच्या लीलावहिनी, गोठ्याच्या दारातून ओरडायच्या, "आवं, दूध द्या त्यास्नी, भाषण नंतर." दोघांचं असं रोज चालायचं आणि ते ऐकायची मला सवय होती.

तीन वर्षांपूर्वी वहिनींच्या पित्ताशयात खडे निघाले. जेवल्यावर पोट दुखायचं, पाठीपर्यंत कळ जायची. दुर्बिणीतून काढायचे, दुसऱ्या दिवशी घरी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनी चालत दवाखान्यात गेल्या. भूल देताना काहीतरी बिघडलं, फुप्फुसांनी दगा दिला, मशीनवर ठेवलं आणि चार-पाच दिवसांत त्या गेल्या. वय पन्नाशीच्या आतलं. पेठेत एकच बोललं गेलं की भुलीच्या डॉक्टरणीनं भूल जास्त दिली.

मग जे व्हायचं ते झालं. तालमीतली पोरं दवाखान्यात घुसली. माझा आवाज गिरणीपायी मोठा, तो त्या दिवशी सगळ्यांच्या वर होता. भुलीची डॉक्टरीण, मधुवंती तिचं नाव, बारीक चणीची बाई, जिन्याच्या पायरीवर उभी होती. आम्ही तिला नाही नाही ते बोललो. तिनं एकदा तोंड उघडलं, पण समोर गुंडू आणि त्याची पोरगी स्वप्नाली उभी होती, त्यांच्याकडं बघून पुन्हा मिटलं. मला तेव्हा वाटलं, हिच्याकडं उत्तरच नाही.

गुंडू त्या दिवशी रडला नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. पुढं तो नेहमीसारखा कट्ट्यावर येऊ लागला, म्हशींना पाणी, वैरण, धार, पेला, सगळं वेळेवर. फक्त बोलणं बंद झालं. आणि दूध तोंडाला लावणंही. मी एकदा त्याला चिडून म्हणालो, "अरं रड की एकदाचा, मोकळा हो." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काय व्हतंय तेच कळंना झालंय, विज्या. हात भाजला परवा चुलीवर. वास आला तवा कळलं." हे ऐकून मला भीती वाटली होती.

स्वप्नालीचं सासर जयसिंगपूरला. दर महिन्याला ती बापाला बघायला यायची आणि आली की त्या डॉक्टरणीला शिव्याशाप द्यायची. तिचंही वाटोळं होऊ दे म्हणायची. गुंडू मान खाली घालून ऐकायचा.

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी तीच डॉक्टरीण कट्ट्यावर आली. मी गिरणी बंद केली, तसाच पीठ लागलेल्या अंगानं बाहेर आलो आणि विचारलं, "हितं काय काम काढलंय, बाई?"

"दूध हवंय," ती म्हणाली. "आणि दूध पिणारी माणसं."

तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भूल दिली की माणसाचा गळा सैल पडतो. पोटात काही असलं तर ते वर येऊन श्वासाच्या नळीत उतरू शकतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं. आता सोनोग्राफीनं आतलं पोट बघता येतं, त्याचं माप घेता येतं आणि आत किती मिली आहे याचा अंदाज काढता येतो. जगभर त्यावर काम चाललंय. तिला आपल्याकडच्या दुधाचं मोजायचं होतं.

"दुधाला सहा तास द्यावेत असं पुस्तक सांगतं," ती म्हणाली. "पण इथं म्हशीचं दूध, एवढ्या फॅटचं, तेही पेलाभर. ते किती वेळ राहतं ते मला बघायचंय. आणि ऑपरेशनच्या सकाळी काही खाल्लंय का विचारलं तर सगळे नाही म्हणतात. खोटं बोलत नाहीत ते. त्यांना ते खाणं वाटतच नाही."

मी तिला हाकलणारच होतो. एक बाई मारलीस, आता आमची पोटं तपासायला आलीस, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात म्हशीखाली बसलेला गुंडू म्हणाला, "मी येतो." आणि मग विचारलं, "किती तास बघनार तुमी?"

"रिकामं होईपर्यंत, मामा. दर तासाला."

"दूध माझ्याच म्हशीचं पायजे."

"चालेल. फक्त उकळून द्यावं लागेल, तसा नियम आहे आमचा."

ती गेल्यावर मी गुंडूवर तोंड टाकलं. तुला लाज कशी वाटत नाही, वहिनींना काय वाटेल, असं काहीबाही बोललो. त्यानं म्हशीच्या सडाला तूप चोळलं, दुधाची कासंडी उचलली आणि गोठ्यात गेला. मी मागोमाग गेलो. तिथं तो पेंडीच्या पोत्यावर बसला आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाला, "मीच दिलतं तिला."

"काय दिलतंस?"

"दूध. ऑपरेशनच्या सकाळी. रातीपास्नं काय खाऊ नका म्हणलीती नर्स. सकाळी ती भ्यालीती, हात कापत हुतं तिचं. चक्कर यील म्हणलो. पाचाला धार काढली आन् पेलाभर दिलं. ती न्हाय म्हणाय लागली, तर मी म्हणलो, दूध काय खाणं हाय व्हय? पिली बिचारी." त्यानं कासंडी खाली ठेवली. "नवाला आत न्हेली. काय खाल्लंय का इचारलं, ती न्हाय म्हणली. मी बाजूलाच हुतो. माझ्याबी मनात आलं न्हाय. मागनं दोन नर्सा बोलत हुत्या, पोटातलं वर आलं म्हणून. तवा कळलं."

इतकी वर्षं मी त्या बाईच्या नावानं खडे फोडत होतो आणि हा शेजारी बसून ऐकत होता. राग आला. पण राग त्याच्यावर काढायचा तर समोर माणूस तरी पाहिजे. पोत्यावर नुसतं धोतर आणि बंडी बसल्यागत दिसत होती.

"पाच ते नऊ, चार तास," गुंडू म्हणाला. "चार तासात दूध पोटातनं जातंय का न्हाय, येवढंच मला बघायचंय. गेलं असलं तर माझं दूध न्हवं. मग दुसरं काय झालं असंल ते असंल."

मी म्हणालो, "मी पन येतो."

रविवारी सकाळी आम्ही दोघं उपाशीपोटी दवाखान्यात गेलो. म्हणजे डॉक्टरणीच्या हिशेबानं उपाशी, दूधसुद्धा नाही. माझ्या आयुष्यात अशी सकाळ पहिलीच. तिनं आधी रिकामी पोटं तपासली. पोटावर गार चिकट औषध लावलं, उजव्या कुशीवर वळवलं आणि ते छोटं यंत्र बरगड्यांच्या खाली दाबून धरलं. पडद्यावर करड्या रंगाची एक बारकी गोल चकती दिसली. "हे रिकामं पोट," ती म्हणाली. तिनं चकतीच्या कडेला दोन खुणा टेकवल्या आणि बाजूला आकडा उमटला. एक खूण केसाएवढी सरकली तरी ती पुसून पुन्हा लावायची. तिसऱ्यांदा पुसली तेव्हा मी म्हणालो, "सोनं मोजायलाय काय?" ती हसली नाही. "यावरूनच ठरणार असतं, भूल द्यायची का थांबायचं," म्हणाली.

मग दूध. गुंडूच्याच म्हशीचं, डेअरीत फॅट तपासून आणलेलं, उकळलेलं, मापानं मोजलेलं. मी एका दमात घेतलं. गुंडूनं पेला दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत त्यानं दूध तोंडाला लावलं नव्हतं. घोट घोट करून त्यानं ते संपवलं, त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

मग आम्ही बाकावर बसून राहिलो. तासाला आत बोलवायचे, कुशीवर वळवायचे, आकडा घ्यायचे आणि पुन्हा बाकावर. पहिल्या तासाला आमच्या दोघांची पोटं सारखीच भरलेली. दुसऱ्याला माझं निम्म्यावर आलं. तिसऱ्याला गुंडूनं पडद्याकडं बघायचं सोडलं आणि भिंतीकडं बघत पडून राहिला. बाकावर आल्यावर मी त्याला गावातल्या दोन गोष्टी सांगितल्या, त्यानं ऐकल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

चौथ्या तासाला आधी माझा नंबर लागला. डॉक्टरणीनं यंत्र टेकवलं. पडद्यावर सकाळसारखीच बारकी चकती. "तुमचं जवळजवळ रिकामं झालं," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तसाच शर्टाच्या गुंड्या न लावता बाहेर आलो आणि म्हणालो, "गुंड्या, गेलं बघ. चार तासात सगळं गेलं." तो उठला, आत गेला. मीही मागून गेलो.

तो कुशीवर वळला. यंत्र टेकवल्या टेकवल्या मला दिसलं. कुणी सांगायची गरज नव्हती. मोठा गोल आणि आत ठिपके ठिपके तरंगणारं दाट काहीतरी. डॉक्टरणीनं दोन खुणा लावल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या.

"अजून आहे, मामा," ती म्हणाली. "माणसामाणसात फरक असतो. तुमचं सावकाश जातंय."

"किती हाय?"

"निम्म्याच्या आसपास."

गुंडू उठून बसला. पोटाला लागलेलं ते औषध त्यानं पुसलं नाही. "तिचं बी असंच असंल का?"

डॉक्टरणीनं पडदा बंद केला. मग म्हणाली, "त्यांचं याहून सावकाश असेल. पित्ताचं दुखणं होतं. आणि त्या घाबरल्या होत्या. भीतीनं पोट थांबतं."

"मीच दिलतं," गुंडू म्हणाला. "पाचाला. पेलाभर."

मला वाटलं आता ती भडकेल. तिला हक्क होता. तिनं यंत्र पुसून जागेवर ठेवलं आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"दूध होतं हे मला माहीत होतं, मामा. मी नळी घातली तेव्हा फाटलेलं दूधच वर आलं."

"मग बोलला का न्हाईसा?" गुंडूचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "पोरं तुमास्नी येवढं बोलली. ह्यो बोलला. तुमी नुसत्या हुभ्या ऱ्हायलासा."

"मोठ्या डॉक्टरांना सांगितलं होतं, कागदावरही लिहिलं होतं. तुम्हाला सांगायलाच त्या जिन्यावर आले होते," ती म्हणाली. "तुमची मुलगी तुमचा दंड धरून उभी होती. दूध कुणी दिलं, तुम्ही की तिनं, ते मला माहीत नव्हतं. मी बोलले असते तर तिथंच तुमच्यातल्या एकानं दुसऱ्याकडं बघितलं असतं. नंतर सांगू म्हटलं. मग तुम्ही कुणी आलाच नाहीत. आणि चूक माझीही होती. मी काही खाल्लंय का विचारलं. दूध प्यालात का, असं विचारलं नाही. तुमच्याच गावची आहे मी, विचारायला हवं होतं. आता प्रत्येकाला विचारते, आणि शंका आली तर हे लावून बघते."

मी खाली बघत राहिलो. माफी मागावी असं मनात आलं, पण जिन्यावर जे शब्द मी वापरले होते ते आठवले आणि जीभ उचलेना. डॉक्टरणीनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं कापसाचा बोळा घेऊन गुंडूचं पोट स्वतःच पुसलं आणि त्याची बंडी खाली ओढली.

पुढच्या आकड्यांसाठी गुंडू थांबला नाही. बाहेर आल्यावर मी रिक्षा बघू लागलो. गुंडू घराकडं न वळता स्टँडच्या दिशेनं चालू लागला.

"कुठं निघालाईस?"

"जयसिंगपूरला. पोरीकडं."

"आत्ता? म्हशींचं कोन बघनार? आन् तिला हे सांगून काय व्हनार हाय, गुंड्या? आई गेली ती गेलीच. आता बापबी घालवायचाय व्हय पोरीचा?"

तो माझ्याबरोबर भांडला नाही. स्टँडवर जयसिंगपूरची गाडी लागलेली होती. त्यानं पायरीवर एक पाय ठेवला आणि माझ्याकडं वळला. डोळे कोरडेच होते.

"धार तेवढी काढून घे सांच्याला," तो म्हणाला. "माझ्या वाटणीच्या शिव्या येवढी वर्सं त्या बाईनं खाल्ल्या, विज्या. आता माझ्या मला खाऊ दे."