ओख्याच्या गाडीचं बोलावणं

जेवणं उरकून मी स्वयंपाकघरातच फरशीवर आडवी होते. शुक्रवार आहे. पावणेपाचला ओख्याची गाडी, माझ्या लेकीच्या, रेणूच्या सासरगावाची. आठवड्यातनं एकदाच जाते. आज गेले तर सोमवारच्या परतीच्या गाडीनं रेणूला माहेरी आणता येईल. गुरुवारी तिला आठवा महिना लागतो, आणि आठव्यात आमच्यात लेकीला प्रवास करू देत नाहीत. तिकडं तिच्याजवळ बाईमाणूस नाही. सासू होती, ती पौषात गेली. रेणू फोनवर म्हणते, आई, तू न्यायला ये. मी म्हणते, तुझ्या घरच्या थोरांनी बोलवावं, मग बघू. थोर आता कोण उरलंय, हे मलाही कळतं. पण तोंडातनं तेच निघतं.

डोळे जड होतात. फ्रिजची घरघर लांबत जाते, चाकांसारखी वाजायला लागते. ओट्यावर कोणीतरी पाय सोडून बसलंय. कलावतीबाई. रेणूची सासू.

मेलेलं माणूस न्यायला आलं तर जायचं नसतं. दुसरीत शाळा सुटली तरी एवढं मला कळतं.

"काय वो विहीणबाई, पाणी तरी विचारा."

"विचारलं असतं. पण गार निघालं तर?"

रेणूच्या लग्नात मी यांचे पाय धुवायला बसले, तर यांनी चारशे माणसांत पाय मागं घेतला. पाणी गार आहे म्हणे. तेव्हापासून मी यांची पायरी चढले नाही. दहाव्यालासुद्धा.

त्या हसतात. "गारच होतं. खोटं कशाला सांगू?"

"मेल्यावर तरी गोड बोला."

ओट्याचा बर्थ झालाय. खिडकीतनं आमची गल्ली पळतेय, नळ, पिठाची गिरणी, सगळं मागं. मी उतरायला बघते, दार सापडत नाही. काळ्या कोटातला टीसी येतो. तिकीट मागत नाही. विचारतो, "बोलावणं कुणाचं?" मी पदर चाचपते, पिशवी उलटी करते. अख्खा डबा माझ्याकडं बघतोय.

"माझं," कलावतीबाई म्हणतात. "मी बोलावलंय ह्यांना."

"मी नाही येत तुमच्यासंगं! माझी लेक अडकलीय तिकडं."

"माझ्यासंगं कोण म्हणतंय? मी इथंच उतरते. जागा तुमची. पोरीचे पाय सुजलेत, तेल लावायला जाते तर माझा हातच टेकत नाही."

"जित्या होतात तेव्हा का नाही बोलावलं?"

"तुम्ही तरी कुठं आलात? फुगून बसण्यात दोघी सारख्याच."

आम्ही फलाटावर आहोत. कशा उतरलो ठाऊक नाही. गाडी हलते, डबा पुढं सरकतो.

"धरा ती दांडी! का नुसतं तोंडच चालतं?"

मी धावते. गुडघे ऐकत नाहीत. दांडी हाताला लागते, पाठीत त्यांचा तळवा बसतो, चांगला सणसणीत, आणि मी वर चढते. वळून बघते तर त्या लांब राहिल्यात, एकट्या, पदर सावरत.

जाग येते. सव्वातीन. लाइट गेलीय, फ्रिज गप्प. उजव्या तळव्यावर वंगणाचा आडवा काळा पट्टा. वास घेते, लोखंडाचा येतो. साबणानं दोनदा चोळते, फिका होत नाही.

"सीमा," मी सुनेला हाक मारते, "माझी दोन लुगडी पिशवीत घाल. ओख्याला निघाले."

"आत्याबाई, बोलावणं आलं का?"

"आलं," मी म्हणते, आणि मूठ मिटते.