खिडकीपर्यंत आलेली ओळ

आमच्या वहिनीला घरात सगळे भागूबाई म्हणतात. भित्री भागूबाई. लिफ्टमध्ये ती पाय ठेवत नाही, पाच मजले जिन्याने चढते. कुत्रं दिसलं की रस्ता बदलते. कुलूप लावलं की तीन-तीनदा ओढून बघते. नणंद म्हणून मीही तिला चिडवायची संधी सोडत नाही, कशाला खोटं बोलू.

नोकरी बागखात्यात. झाड का सुकतंय, झुडूप का मान टाकतंय, हे तपासून सांगायचं. तिथेही भीती आहेच. एकदा निदान केलं की आपलं चुकलं असेल या धास्तीने दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघते. तिचे साहेब म्हणतात, बाईंनी दोनदा तपासल्याशिवाय आपल्याकडे झाडाला मरायची परवानगी नाही.

आई माझ्याकडे असते. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला उभं राहता येत नाही, म्हणून तळमजल्यावरची आमची पुढची खोली तिला दिली आणि पलंग खिडकीला लावला. बाहेर कुंपणाची झुडपं, थोडं गवत, खिडकीशी एक झाड. दिवसभर ती तेवढंच बघते. त्यामुळे झुडपं पिवळी पडायला लागली ते सगळ्यात आधी तिलाच दिसलं.

"फाटकाकडून वाळत येताहेत गं," ती म्हणाली.

बिल्डिंगमध्ये मग नेहमीप्रमाणे जुंपली. माळी म्हणाला खत भेसळीचं, सेक्रेटरी म्हणाले माळी कामचुकार, आणि वरच्या काकूंनी सगळं कुणाच्यातरी कुत्र्यावर ढकललं. शेवटी मी वहिनीला बोलावलं. घरची डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं?

तिने पानं जेमतेम बघितली. खुरपं घेऊन सरळ बुंध्याशी बसली, मूठभर माती काढून नाकाशी नेली. माती काळी, ओली, कुजका वास. एक मूळ बोटांत धरून ओढलं तर त्याची साल मोजा निघावा तशी निघून आली.

"पाणी फार होतंय," ती म्हणाली. "मुळांचा श्वास कोंडलाय. काही दिवस पाणी बंद ठेवा."

माळ्याचं तोंड एवढंसं झालं. वहिनी घरी निघाली, फाटकापर्यंत जाऊन परत आली, पुन्हा माती हुंगली आणि मग गेली.

पाणी बंद झालं. पुढच्या आठवड्यात आई म्हणाली, "आता गवतही गेलं. आणि हे झाड बघ, हिरवी पानं गाळतंय."

मी वहिनीला फोन लावला. "तुझा उतारा काही लागू पडला नाही बरं का, भागूबाई."

मला वाटलं रडवेली होईल. तिने मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "झुडपं, गवत आणि झाड, तिन्ही?"

"हो."

"एका ओळीत?"

मी पडदा सारून बघितलं. इतके दिवस नजरेसमोर असून मला ते दिसलं नव्हतं. फाटकापासून सरळ, दोरी लावून आखावी तशी वाळलेली ओळ आईच्या खिडकीखाली येऊन थांबली होती.

ऑफिस अर्धं टाकून ती आली. पण बेल वाजली नाही. काचेवर टकटक झाली म्हणून मी खिडकी उघडली, तर समोर वहिनी. चेहरा पांढराफटक, कोपरापर्यंत माती.

"बेलला काय धाड भरली? थांब, दार उघडते. चहा टाकते."

"ताई, शेगडी पेटवू नकोस. कुठलंही बटण दाबू नकोस. आईंना बाहेर काढायचंय, आत्ता."

मी चिडलेच. साप साप म्हणून भुई धोपटायची हिची सवय मला नवी नव्हती. "गॅस म्हणतेस? वास तर कसलाच नाही."

"मातीतून येताना कधीकधी वास मातीतच राहतो, ताई." तिचे ओठ थरथरत होते, पण बोलायची थांबत नव्हती. "कीड असती तर तिने एखादीच जात धरली असती, किडीला आवडनिवड असते. इथे सगळंच मरतंय. वरची माती कोरडी ठणठणीत आहे आणि खाली अजून काळीच. पाणी नाही, तर मुळांची हवा कोण खातंय? गॅसची लाईन फाटकातून आत येते ना? पुढे कुठून जाते?"

कुठून जाते ते मला ठाऊक होतं. आईच्या खोलीच्या भिंतीलगत, तिच्या पलंगाच्या उशाशी.

आईला आम्ही खुर्चीत बसवलं आणि दोघींनी उचललं. वहिनीचे हात इतके कापत होते की खुर्ची खडखडत होती.

"अगं, पाडशील मला," आई म्हणाली.

"नाही पाडणार, आई." हिचे दात वाजत होते.

समोरच्या फुटपाथवर आईला ठेवलं. वहिनीने तिथूनच गॅसवाल्यांना फोन केला आणि मला काही कळायच्या आत परत बिल्डिंगमध्ये गेली. आतून दारांवर तळहात आपटल्याचे आवाज यायला लागले. पहिला मजला, मग दुसरा. प्रत्येक घरात कुणी ना कुणी दिव्याच्या बटणाकडे हात नेत असेल, असं मला दिसत राहिलं. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. माणसं एकेक करून कुरकुरत खाली उतरली, आणि सगळ्यात शेवटी ती.

गॅसवाल्याने मेलेल्या झुडपापाशी जमिनीत सळई खुपसली आणि भोकात यंत्राची नळी सोडली. यंत्र वाजलं. झाडापाशी आणखी जोरात वाजलं. मग तो आईच्या खोलीलगतच्या बाथरूममध्ये, मोरीचं तोंड बघायला गेला. गेला चालत, बाहेर आला पळत. "आत कुणी राहिलंय का?" एवढंच विचारत होता.

वहिनी फुटपाथच्या कडेला बसली होती. "मी पाणी बंद करायला सांगितलं," ती म्हणाली. "आठवडाभर आई त्या खिडकीत होत्या, ताई." मी तिचा चिखलाचा हात हातात घेऊन बसले. बर्फासारखा गार होता.

संध्याकाळपर्यंत लाईन तोडून, खणून, फुटलेला सांधा बदलून झाला. गॅसवाला म्हणाला, आता जायला हरकत नाही. लोक सुटल्यासारखे आत शिरले. सेक्रेटरी आईची खुर्ची उचलायला आले, तर आईने दोन्ही हात पुढे करून त्यांना थांबवलं.

"तिला विचारा."

"कुणाला?"

"माझ्या सुनेला. तिची भीती गेली का ते विचारा."

वहिनी खिडकीपाशी गेली, खुरप्याने माती उकरली, हुंगली. परत आली तेव्हा मान खाली होती. "नाही गेली, आई."

"मग मी तुझ्याकडे येते," आई म्हणाली.

भावाने गाडी आणली. त्याचं घर पाचव्या मजल्यावर, आणि खुर्ची जिन्याने चढवणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. लिफ्टचं दार उघडलं. मी वहिनीला म्हटलं, तू ये जिन्याने, मी नेते आईला. तिने मान हलवली, आत शिरली आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून डोळे गच्च मिटून घेतले. आई तिला एकेक मजला मोठ्याने सांगत होती.