गुरुजींच्या बागेतल्या घुशी

आमच्या शाळेतली जुनी मास्तरमंडळी भेटली की बोलणं घुशींवर येतंच! चहा गार होतो, किस्से सरत नाहीत.

नागभीडजवळच्या त्या खेड्यात शाळेमागे बाग होती. हेडमास्तर, म्हणजे आमचे गुरुजी, ती स्वतः खणायचे. जंगलातल्या गावांहून येऊन शाळेतच राहणाऱ्या पोरांच्या ताटात तिथलीच भाजी पडायची. नेमकी तीच घुशींनी धरली!

*

एका सकाळी वांग्याची रोपं माना टाकून उभी. शिपाई सखारामभाऊंनी एक उपटलं, तर खाली मूळच नाही!

"गुरुजी, आपण रोपं लावली का काड्या खोवल्या?"

गुरुजी हसले नाहीत. गुडघे टेकून त्यांनी सगळी ओळ पुन्हा लावली.

*

मग आम्ही मास्तरांनी बिळात पाणी सोडलं. दुपारपर्यंत विहिरीवरून बादल्या आणून ओतत होतो. घूस काही निघेना. एवढं पाणी जातंय कुठं?

तेवढ्यात गुरुजींच्या घरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "घूस राहू द्या मास्तर, माझी चूल विझली!"

*

मी जिद्दीनं नागभीडहून एक दांडगा बोका आणला. त्यानं घूस पाहिली आणि सरळ मोहाच्या झाडावर! दोन दिवस उतरेना.

सखारामभाऊ म्हणाले, "मास्तर, याले परत नेऊन द्या. थो आपल्याच भरोशावर आला हाय!"

*

शेजारच्या मडावीभाऊंनी बागेच्या कोपऱ्यात लावलेल्या सापळ्यात मात्र पहिल्याच दिवशी घूस अडकली. गुरुजी धावत आले. मडावीभाऊंनी तिला उलटसुलट पाहिलं आणि चक्क सोडून दिली!

"काऊन सोडली, भाऊ?" सखारामभाऊ ओरडलेच.

"पिलं पाजून राह्यली ना. चालती होऊ द्या पिलं, मंग पाहू."

त्या आठवड्यात गुरुजींची सगळी रताळी गेली होती. तरी ते आम्हाला म्हणाले, "पंधरा दिवस त्या कोपऱ्यात कुदळ नको."

*

पण सगळ्यात भारी किस्सा साहेबांचा!

तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात. वरचे साहेब हिंदी बोलणारे. गुरुजींनी कळकळीनं अर्ज धाडला, 'शाळेत घूस फार वाढली आहे. तातडीने बंदोबस्त व्हावा.'

एरवी आमच्या अर्जांना उत्तरच नसायचं. या वेळी आठवड्याच्या आत खुद्द साहेब जीपनं हजर! कुणाचा नमस्कार घेतला नाही. सरळ सखारामभाऊंसमोर उभे राहिले.

"डरो मत, सच बोलो. यहाँ घूस कौन लेता है?"

"घ्याले काऊन लागते साहेब? थे आपोआपच येते!"

साहेबांनी डायरी उघडली. "किसके घर?"

"सगळ्याच मास्तरायच्या. पण हेडमास्तरच्या घरी जे येते ना..." सखारामभाऊंनी दोन्ही हात फैलावले, "एवढी मोठी!"

साहेबांची नजर गुरुजींकडे वळली. गुरुजी हात जोडून, अगदी कळवळून म्हणाले, "खरं आहे साहेब! वीस वर्षं नोकरी झाली, पण इतकी मोठी कधी आली नव्हती!"