उतारावरची हवा

दादा मालगाडीचा ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यापासून ती कॉम्प्युटरवरच्या खेळात चालवतो. खेळातले एअर ब्रेक त्यानं मुद्दाम अगदी खऱ्यासारखे ठेवलेत. काल घाट उतरताना त्यानं ब्रेक लावला, सोडला, लगेच पुन्हा लावला. गाडी आवरेना, वेग वाढतच गेला.

"बिघडलं का रे काही?" मी विचारलं.

"बिघडलं नाही. ब्रेक सोडला की डब्यांच्या टाक्यांत हवा पुन्हा भरावी लागते. गाडी लांब, वेळ लागतो. उतार तेवढा वेळ देत नाही."

आतल्या खोलीत वहिनी झोपली होती. तिचंही असंच झालं. एका केमोतून सावरते न सावरते तोच दुसरी. दुखणं माणूस सोसतो. मधली उसंत मिळेनाशी झाली की मोडतो. परवा डॉक्टरांनी पुढची तारीखच दिली नाही. "आता घरीच असू द्या," म्हणाले. आम्हीही 'बरं' म्हणालो, जसं काही पथ्यच सांगितलंय.

खेळ बंद करायला एक बटण पुरतं. दादानं ते दाबलं नाही. हात मांडीवर ठेवून तो बघत राहिला. चाकांचा खडखडाट वाढला, तेव्हा त्यानं फक्त आवाज कमी केला, वहिनीची झोप मोडू नये म्हणून.